रऊफचा अर्धा वाटा

घरकामाची वाटणी कशी करावी यावर आमच्या ट्युनिसजवळच्या नाबुल गावात बोलायचा अधिकार कुणाला असेल तर तो मला आहे. मी कॅफे चालवतो. एकतीस वर्षं झाली. गावातल्या नवऱ्यांच्या वाट्याला आलेलं घरकाम माझ्याच टेबलांवर बसून उरकलं जातं. कुणी गॅसची टाकी बदलायला निघालेला असतो, कुणी भाजी आणायला, कुणी बायकोला दवाखान्यातून घरी न्यायला. वाटेत सगळे माझ्याकडे थांबतात. ती बाई दवाखान्याच्या पायरीवर ताटकळतेय आणि हा इथं रमीचा डाव लावतोय, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मी कुणाला काही बोलत नाही. बोललो असतो तर एवढी वर्षं धंदा चालला नसता.

या सगळ्यांत रऊफचा थाट निराळा. बाकीचे निदान बायकोचा फोन आला की दचकायचे. रऊफ विचारवंत होता. नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या नोंदी करायचा, शनिवार-रविवार सुट्टी. सुट्टीच्या दिवशी सकाळी आठला खजुराच्या पातीची मोठी टोपली घेऊन घराबाहेर पडायचा. बाजार त्याच्या घरापासून दोनशे पावलांवर. घरी पोचायचा बारा वाजता. मधला सगळा वेळ टोपली माझ्या टेबलाखाली. कोथिंबिरीनं मान टाकलेली, मासळीवर माशा घोंगावतायत, आणि हा खुर्चीत रेलून नव्यानं लग्न झालेल्यांना शहाणपण शिकवतोय.

"आमच्या घरात भांडण नाही. का नाही? वाटणी. उंबऱ्याबाहेरचं सगळं माझं, उंबऱ्याआतलं सगळं तिचं. निम्मं-निम्मं. कुणाचा वाटा मोठा नाही, कुणाचा लहान नाही. उद्या ती म्हणाली अदलाबदल करू, तर मी एका पायावर तयार."

हे वाक्य त्यानं किती वेळा म्हटलं असेल याची गणती नाही. नव्या नवऱ्यांना ते फार पटायचं.

बाहेरचं म्हणजे बाजार, एवढंच. आणि बाजारातून रऊफ कधीही अशी वस्तू आणायचा नाही की जी घरात येऊन गप्प बसेल. मटार आणला तर शेंगांसकट पाच किलो. मासे आणले तर बोटाएवढे, कारण स्वस्त. एकेकाचं पोट फाडून साफ करायला त्याच्या बायकोला अख्खी दुपार पुरायची नाही. आर्टिचोकची बोंडं आणायचा ती रानातली, काट्यांची. एकदा जिवंत कोंबडा आणला. तो माझ्याच कॅफेत टोपलीतून सुटला आणि दोन गिऱ्हाइकांच्या कॉफीत पाय घालून गेला. घरी गेला की रऊफ टोपली उंबऱ्यावर ठेवायचा, हात झटकायचा आणि म्हणायचा, "माझं झालं." मग परत माझ्याकडे यायचा, कारण दमलेला असायचा.

त्याची बायको नायला. प्राथमिक शाळेत शिकवते. मुलगी स्फाक्सला शिकायला गेल्यापासून घरात ही दोघंच. माझ्या कॅफेची मागची भिंत आणि त्यांच्या अंगणाची भिंत एकच आहे, त्यामुळं नायलाचा दिवस मला ऐकू येतो. पहाटे पाचला बादली. मग खलबत्ता. मग ती शाळेत जाते. दुपारी आली की पुन्हा बादली. मी भिंतीच्या या बाजूला कप विसळत असतो. शाळेला सुट्टी लागली हे मला बादलीवरून कळतं, ती दिवसभर वाजते.

नायलाला शाळांची निरीक्षक व्हायचं होतं. त्याची परीक्षा काही वर्षांतून एकदाच निघते आणि ट्युनिसला जाऊन द्यावी लागते. सहा वर्षांपूर्वी ती बसली होती. परीक्षा सप्टेंबरात, आणि आदल्या दिवशी सकाळी रऊफनं चाळीस किलो लाल मिरची आणून उंबऱ्यावर टाकली. हरिसाची चटणी करायचा मोसम, मिरची उन्हात सडेल, आता थांबून कसं चालेल. दिवसभर नायला देठं खुडत होती, बिया काढत होती, वाटत होती. दुसऱ्या दिवशी तिला पेन धरवेना. बोटांची आग, त्यात एकदा चुकून डोळ्याला हात लागला. तीन प्रश्न कोरे सोडून ती परत आली. त्या संध्याकाळी रऊफ इथं बसून सगळ्यांना सांगत होता की बायकांना परीक्षेचा ताण सोसत नाही. त्याला कॉफी मीच दिली होती, आणि मान डोलावली होती. ते मला अजून टोचतं.

यंदा तिची शेवटची संधी होती. पंचेचाळीस वर्षांनंतर अर्ज घेत नाहीत, आणि नायलाला जूनमध्ये पंचेचाळीस पुरी होणार होती. परीक्षा एप्रिलातल्या एका सोमवारी लागली. म्हणजे ऐन नारिंगाच्या फुलांच्या मोसमात.

एप्रिलात आमच्याकडे घराघरांत तांब्याचे हंडे बाहेर निघतात आणि वाफ धरून नारिंगाच्या फुलांचं पाणी काढलं जातं. वर्षभर कॉफीत तेच, मिठाईत तेच, पोट दुखलं तर तेच, कुणी रागानं भोवळ येऊन पडलं तरी तेच. दुकानातलं फुलपाणी वापरणाऱ्या घराला लोक सरळ नावं ठेवतात. फुलं बाजारात वज्न्यानं विकतात, एक वज्ना चार किलोचा. तोडलेलं फूल दीड दिवसात काळं पडतं. त्यामुळं एकदा फुलं घरात आली की घरातल्या बाईनं बाकी सगळं सोडून हंड्यापाशी बसायचं. एक हंडा उतरायला चार तास जातात, आणि तेवढा वेळ आच सांभाळायची, वरच्या टोपणातलं पाणी गरम झालं की बदलायचं, बाटल्या लावायच्या. हे काम उंबऱ्याच्या आतलं.

परीक्षेच्या आधीच्या गुरुवारी नायला कॅफेच्या दाराशी आली. माझ्या कॅफेत बायका बसत नाहीत. तसा नियम कुठं लिहिलेला नाही, पण एकतीस वर्षांत कुणी बसली नव्हती. ती पायरीवरच उभी राहिली.

"रऊफ, मी दोन दिवस रजा टाकलीय. सोमवारपर्यंत घरात काही आणायचं नाही. अंडी आणि पाव. बास. फुलं परीक्षेनंतर आण, मोसम अजून पंधरा दिवस आहे."

"अगं, आणतोय कोण?"

"तू. मिरच्या विसरलास?"

रऊफनं छातीवर हात ठेवला. "तिजानीकाका साक्षीला आहेत. तीन दिवस मी टोपलीला हात लावणार नाही."

"काका, लक्ष ठेवा याच्यावर," नायला मला म्हणाली आणि गेली. मी बरं म्हटलं.

गुरुवारी रात्री पाऊस पडला. शुक्रवारी कडक ऊन. सगळ्या बागांतली फुलं एकदम उमलली आणि शनिवारी सकाळी बाजारात फुलांचा भाव धाडकन खाली आला. ही बातमी साडेनऊला माझ्या कॅफेत पोचली. रऊफ खुर्चीत होता. मी त्याच्याकडे पाहिलं, तर त्याचा गुडघा हलायला लागलेला.

"नुसतं बघून येतो," तो म्हणाला.

अर्ध्या तासानं आला तो हातगाडी घेऊन. हातगाडीवर प्लास्टिकची दोन पोती, तोंडं घट्ट बांधलेली. सहा वज्ने. चोवीस किलो फुलं.

"टोपलीला हात लावलेला नाही, काका. बघून घ्या."

"अरे, नायलाची परीक्षा आहे ना परवा?" मी म्हटलं.

"फुलांना कळतं का परीक्षा? आणि तिला करायचंय काय? हंड्यात टाकायचं, गॅस पेटवायचा, पाणी आपोआप गळतं. शेजारी बसून वाचेल की. उलट सुगंधात डोकं चांगलं चालतं."

पत्ते खेळणारे हसले. मीही हसलो असेन. गिऱ्हाइकाच्या विनोदाला हसायची मला सवय आहे.

रऊफ हातगाडी घेऊन गेला. भिंतीपलीकडं दोन पोती धप्पकन पडल्याचं मला ऐकू आलं. मग त्याचा आवाज, "माझं झालं." मी कप हातात धरून थांबलो. नायला चिडली की बादली आपटते, हे मला माहीत आहे. बादली वाजली नाही. काहीच वाजलं नाही. तोवर रऊफ परत येऊन खुर्चीत बसला आणि त्यानं कॉफी मागवली, वर गेल्या वर्षीच्या फुलपाण्याचे दोन थेंब.

माझी बायको मनूबिया वर गच्चीवर कपडे वाळत घालत होती. आम्ही कॅफेच्या वरच राहतो. तिनं नंतर मला सांगितलं की नायला पोत्यांकडे बराच वेळ बघत उभी होती. मग तिनं खिळ्यावरची टोपली काढली आणि तिच्यात आपली पुस्तकं भरली.

ती टोपली घेऊन नायला कॅफेत आली. या वेळी पायरीवर थांबली नाही. सरळ आत आली आणि रऊफच्या खुर्चीपाशी उभी राहिली. एकानं टाकायला उचललेला पत्ता हातातच राहिला.

"ऊठ," ती म्हणाली.

"काय झालं?"

"अदलाबदल. आत्तापासून सोमवारपर्यंत बाहेरचं माझं, आतलं तुझं."

"नायला, चेष्टा घरी करायची असते."

"चेष्टा कसली? निम्मं-निम्मं आहे ना? कुणाचा वाटा मोठा नाही, कुणाचा लहान नाही. तू एका पायावर तयार आहेस. भिंत पातळ आहे, रऊफ. तुझी भाषणं मला वीस वर्षं ऐकू येतात."

भिंत दोन्ही बाजूंनी पातळ असते हे माझ्याही कधी डोक्यात आलं नव्हतं. रऊफनं आजूबाजूला पाहिलं. अकरा पुरुष त्याच्याकडे बघत होते, त्यातल्या निम्म्यांनी त्याच्याकडून वाटणीचे धडे घेतलेले. नाही म्हणावं तर वाटे सारखे नाहीत हे कबूल केल्यासारखं. हो म्हणावं तर चोवीस किलो फुलं. त्याची ती पंचाईत बघून मला मनापासून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

"जा की," पत्ते खेळणारा शादली म्हणाला. तो शिंपी, रऊफचा जुना दोस्त. "हंड्यात टाकायचं, गॅस पेटवायचा. पाणी आपोआप गळतं."

सगळे हसले. रऊफ उठला. शर्ट नीट केला. "तासाभरात येतो," असं खुर्चीला सांगितल्यासारखं म्हणून बाहेर पडला.

नायला त्याच्या खुर्चीत बसली. टोपली टेबलाखाली सरकवली, ती नेहमी असते तिथंच. पुस्तक उघडलं.

"काका, एक कॉफी. फुलपाणी नको."

मी कॉफी ठेवली. माझा चेहरा पडला असावा, कारण ती म्हणाली, "मला बाहेरचं काम आहे. बाहेरचं काम इथंच बसून होतं असं दिसतंय."

दोघे-तिघे उठून गेले. एकानं जाताना मला बाजूला घेतलं. "काका, हे काय चाललंय तुमच्याकडं?"

"बाजार चाललाय," मी म्हटलं.

अर्धा तास कुजबुज झाली, मग ती विरली. नायला मान वर करेना, तेव्हा बघून बघून बघणार काय. शादली पत्ते आपटायचा थांबून हळू ठेवायला लागला. मी टीव्ही बंद केला. एवढंच मी केलं, पण त्याचा मला फार मोठेपणा वाटला, आणि तो मोठेपणा पुढं अंगाशी आला.

तासाभरानं रऊफ दारात उभा. केस ओले, बाही जळलेली.

"नायला, हंड्याच्या सांध्यातून वाफ बाहेर जातेय."

नायलानं पान उलटलं. "ते आत आहे की बाहेर?"

"काय?"

"सांधा. उंबऱ्याच्या आत आहे की बाहेर?"

"आत."

"मग मला काय माहीत?"

तो गेला. पंधरा मिनिटांनी परत आला, सांध्याला लावायची कापडी पट्टी कुठं असते विचारायला. मग बाटल्या कुठं असतात विचारायला. मग गाळणी. वीस वर्षं ज्या घरात तो निम्म्या वाट्याचा मालक होता, त्या घरातली एकही वस्तू त्याला सापडेना. दर वेळी नायलाचा एकच प्रश्न, आणि दर वेळी रऊफ "आत" असं म्हणायचा, पहिल्यापेक्षा जरा हळू.

शेवटी तो मनूबियाला शरण गेला. ती गच्चीच्या कठड्यावर हात टेकून त्यांच्या अंगणातला सगळा खेळ बघत होती, कपडे कधीच वाळत घालून झालेले.

"काकू, हे असं का होतंय?"

"फुलं अजून पोत्यात? अरे, ती आल्याआल्या सावलीत पसरायची असतात. पोत्यात शिजली ती. हात घालून बघ, गरम लागतील."

गरम लागली. रऊफनं ती पलंगावर पसरली, कारण दुसरी जागा त्याला सुचली नाही.

"आच कमी कर. वरचं पाणी बदल. बाटली भरली बघ, वाहतेय. बाटली."

"काकू, दोन मिनिटं खाली या ना."

"खालचं काम कुणाच्या वाट्याला आलंय ते आधी विचारून ये," मनूबिया म्हणाली.

दुपारी करपल्याचा वास भिंतीतून कॅफेत आला. नारिंगाचं फूल करपलं की लपवता येत नाही. साऱ्या गल्लीला कळलं की रऊफनं पहिला हंडा जाळला. शादलीनं नाक वर करून वास घेतला आणि म्हणाला, "सुगंधात डोकं चांगलं चालतं म्हणे." नायलाच्या ओठांचा कोपरा हलला, पण तिनं पुस्तकातून नजर काढली नाही.

दोन वाजता रऊफ पुन्हा दारात. आता त्याच्या अंगातला विचारवंत पार गेलेला होता. "जेवायचं काय?" त्यानं विचारलं.

"मीच विचारायला येणार होते," नायला म्हणाली. "काय केलंयस?"

त्यानं काही केलेलं नव्हतं. तिनं माझ्याकडून पावात ट्यूना भरून घेतला आणि दुसरा पाव त्याच्यासाठी दिला. पाव बाहेरून आणायचा असतो, तो तिच्या वाट्याचा होता.

रविवारी सकाळी आठला नायला टोपली घेऊन घरातून निघाली. बाजारात गेली आणि वीस मिनिटांत आली. टोपली टेबलाखाली ठेवून बारा वाजेपर्यंत वाचत बसली, मध्ये दोन कॉफ्या. मी वाकून टोपलीत पाहिलं. पाच किलो मटार, शेंगांसकट. दोन किलो बोटाएवढे मासे. काट्यांचे रानटी आर्टिचोक.

"एवढं कशाला, नायला?" मी विचारलं.

"स्वस्त होतं, काका."

बाराला तिनं टोपली उचलली, शेजारी जाऊन उंबऱ्यावर ठेवली आणि हात झटकले. "माझं झालं," असं म्हटल्याचं मला भिंतीतून स्वच्छ ऐकू आलं. मग रऊफचा आवाज आला, "हे सगळं निवडणार कोण?" या प्रश्नाला वीस वर्षांत त्याच्या घरात कुणी उत्तर दिलं नव्हतं, तेव्हा त्यालाही मिळालं नाही. नायला परत येऊन खुर्चीत बसली. दमले म्हणाली. मी एवढा हसलो की हातातला कप फुटला.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडं बादली वाजली. पण तो हात वेगळा होता, एका जागी दोनदा पाणी ओतणारा. दोन दिवसांत सहा वज्न्यांचं मिळून अडीच बाटल्या पाणी निघालं, तेही पिवळट. नायलाच्या हातचं असतं तर पंधरा बाटल्या निघाल्या असत्या. उरलेली फुलं पलंगावरच काळी पडली.

सोमवारी मी कॅफे उघडत होतो तेव्हा नायला ट्युनिसच्या शेअर टॅक्सीसाठी निघाली होती. माझ्यापाशी थांबली आणि तिनं दोन्ही हात पुढं केले, तळवे वर.

"बघा काका. आग नाही, वास नाही."

स्वच्छ हात होते. कुठल्याही माणसाचे परीक्षेच्या दिवशी असावेत तसे. सहा वर्षांपूर्वीची ती कॉफी आठवली. मी नुसतं "जा, सगळं नीट होईल," म्हटलं आणि उगाच कुलपाशी खटपट करत राहिलो.

निकाल जुलैत लागला. नायला पास झाली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रऊफ मकरूदचा, म्हणजे खजुराच्या मिठाईचा, मोठा डबा घेऊन कॅफेत आला. टेबलाटेबलावर फिरून मकरूद वाटत होता.

"मी घर सांभाळलं म्हणून झालं हे. दोन दिवस मी हंड्यापाशी उभा होतो. बायको पुढं जावी असं वाटत असेल तर पुरुषानं झळ सोसावी लागते."

आणि लोक त्याची पाठ थोपटत होते. ज्यांनी तो करपलेला वास घेतला होता तेच. नव्या नवऱ्यांपैकी एकाचे तर डोळे भरून आले. मला संताप आला. दोन दिवस घरात राहिला म्हणून याला एवढा मान, आणि वीस वर्षं पहाटे पाचला बादली उचलणारीला कुणी एक मकरूद दिला नव्हता. पण मीही एक उचलून तोंडात टाकला, कारण चांगले होते.

नायलानं त्याचा हिशेब तिच्या पद्धतीनं चुकता केला. रविवारी तिनं सगळ्यांना घरी कॉफीला बोलावलं. प्रत्येकाच्या कपात तिनं त्या अडीच बाटल्यांतलं फुलपाणी घातलं, दोन थेंब नाही, चांगला चमचाभर. "रऊफनं स्वतः काढलंय," ती म्हणाली. "आवडेल तुम्हाला." रऊफची नवऱ्यांची सारी शाळा रांगेत बसून ते करपट पाणी प्यायली आणि छान छान म्हणाली. रऊफलाही म्हणावं लागलं. पाहुणे आले की ती अजून तीच बाटली काढते. वर्षानुवर्षं पुरेल.

रऊफ आता पुन्हा शनिवारी टोपली घेऊन निघतो, पण मटार सोललेला आणतो आणि मासे कोळणीकडूनच साफ करून घेतो. वाटणीवर मात्र बोलत नाही. त्याची खुर्ची शनिवारी सकाळी रिकामी नसते. तिथं नायला शाळांचे अहवाल लिहीत बसते.

मी ही सगळी गोष्ट येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचो. रऊफची जळलेली बाही, हंडा, "ते आत आहे की बाहेर", सगळं नक्कल करून. लोक पोट धरून हसायचे. मनूबिया वरून ऐकायची. एकदा दुपारी जेवताना तिनं विचारलं, "तुझा निम्मा कुठला?"

"कसला निम्मा?"

"घरातला. तुझा वाटा कुठला, अरे माणसा?"

"कॅफे आहे की."

"कॅफे तुझा धंदा आहे. नायला शाळेत शिकवते, ते काय घरकामात धरलं होतंस तू?"

मी विचार करायला लागलो. खरं सांगतो, घास हातात धरून विचार केला. "त्या दिवशी टीव्ही मी बंद केला होता," मी म्हटलं.

"तो कॅफेतला."

"दाराला कडी मी लावतो," मी म्हटलं. "रोज."

मनूबिया उठली. माझी ताटली उचलून आत गेली.

पुढच्या शनिवारी ती जिना उतरून आली, पायरी ओलांडून आत आली आणि नायलाच्या समोरच्या खुर्चीत बसली. नायलानं कागद बाजूला सारून तिला जागा केली. सगळं आधी ठरलेलं असावं.

"एक कॉफी," मनूबिया म्हणाली. "फुलपाणी घालून. माझ्या हातचं आहे ते, करपलेलं नाही."

मी कॉफी आणून ठेवली.

"वर चणे शिजतायत. बघून ये. आणि कांदा चिरून टाक त्यात."

"गिऱ्हाइकं आहेत, मनूबिया."

"बाहेरचं आम्ही बघतो," ती म्हणाली.

शादली माझ्याकडे बघत होता. रऊफ कोपऱ्यात उभा होता, तोही बघत होता, आणि त्याच्या तोंडावर जे आलं होतं त्याला हसू म्हणत नाहीत, त्यापेक्षा जास्त काही तरी होतं. मी वर गेलो. चणे रटरटत होते. कांदा समोरच होता, तेवढं नशीब. सुरीसाठी पहिला खण उघडला, त्यात कपड्याचे तुकडे. दुसऱ्यात दोरा आणि मेणबत्त्या. तिसऱ्यात औषधं. लग्नाला अडतीस वर्षं झाली आहेत आणि या स्वयंपाकघरात मी रोज जेवलो आहे. शेवटी मी खिडकीतून वाकलो. खाली दार सताड उघडं होतं आणि टेबलं भरलेली होती.

"मनूबिया, सुरी कुठाय?"

तिनं मान वर करून पाहिलंही नाही. कॉफीचा घोट घेतला.

"ते आत आहे की बाहेर?" तिनं विचारलं.

सगळ्यांनी ऐकलं. मी खिडकी लावून घेतली आणि चौथा खण उघडला.